‘स्वरपाटी’ नवी केली तेव्हा

गाण्याचं सॉफ्टवेअर बनवत होते असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे त्यात गाणी ऐकता येतात का?" नाही. माझ्या प्रोग्राममध्ये एकही गाणं नव्हतं. त्यात गाणं लिहिता येत होतं.

ज्यांचा या गोष्टीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शास्त्रीय गाण्याच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना एक वही ठेवावी लागते. बंदिशीचे शब्द एका ओळीत, त्यांच्यावर स्वर, आणि तालाच्या मात्रांप्रमाणे आखलेल्या चौकटी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर टिंब. एक रेघ राहिली की रागच बदलतो. वर्ध्यात मी ज्या बाईंकडे गाणं शिकले, त्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या वह्या स्वतः लिहून द्यायच्या. पुढे त्यांचा हात थरथरायला लागला आणि रेघा भलत्याच स्वरांखाली जायला लागल्या.

मी तेव्हा घराच्या पुढच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर क्लास चालवत होते. सासरचं कापडाचं दुकान, त्यामुळे घरात माझ्या उद्योगाकडे सगळे जरा कौतुकानं आणि जरा काळजीनं बघायचे. बाईंच्या वह्यांसाठी म्हणून चौऱ्याण्णव साली मी एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला आणि त्यात वर्ष गेलं. नाव ठेवलं ‘स्वरपाटी’. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, माऊस नाही. एस दाबलं की सा, आर दाबलं की रे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकर करत कागद बाहेर काढायचा आणि प्रत्येक रेघ जागच्या जागी असायची.

एक गोष्ट मी त्यात सहज घातली होती. त्या काळच्या मशीनच्या पोटात रुपयाएवढा एक स्पीकर असायचा. कोणतंही बटण दाबलं की तो स्वर त्या स्पीकरमधून ‘पीं’ करून वाजायचा. बाणाच्या बटणांनी मागेपुढे गेलं की लिहिलेला स्वर पुन्हा वाजायचा आणि समेवर आलं की जाड आवाज यायचा. पडद्यावरची टिंबं मला स्वतःलाच धड दिसत नसत, म्हणून केलेली ही सोय होती.

प्रोग्राम हळूहळू जिल्ह्यात पसरला. गिऱ्हाइकं मजेशीर असायची. हिंगणघाटचा एक बॅण्डमास्तर आला. लग्नात वाजणारी पंधरा-वीस गाणी त्यानं माझ्याकडून स्वरांत छापून घेतली. महिन्याभरानं भेटला तेव्हा मी विचारलं, "वादकांना वाचायला सोपं जातं का?"

"वाचता कोणाले येते, मॅडम?" तो म्हणाला. "फ्रेम करून दुकानात लावलं. गिऱ्हाईक म्हणते, हा बॅण्ड शिकलेला दिसते."

शहाण्णवच्या उन्हाळ्यात समुद्रपूरहून थूल गुरुजी आले. तिथल्या एका शाळेत ते संगीत शिकवायचे. पन्नाशीच्या आतबाहेर वय, पांढरा सदरा, बरोबर पत्नी सुमनबाई. लहानपणी देवी आल्या त्यात गुरुजींचे डोळे गेलेले. सुमनबाईंच्या खांद्यावर हात ठेवून ते पायरी चढले.

"जयभीम मॅडम," ते म्हणाले. "तुमची मशीन स्वर लिहिते म्हणून ऐकलं."

मी गडबडले. म्हटलं, "गुरुजी, हे पडद्यावर बघून करायचं काम आहे. तुम्हाला त्याचा..."

"एक वेळ बसू तं द्या."

मी त्यांचा हात कीबोर्डवर नेला आणि सात स्वरांची बटणं दाखवली. त्यांनी एकेक दाबून पाहिलं. मग आरोह, मग अवरोह, मग कोमल स्वर. एका ठिकाणी थांबले. तेच बटण तीनदा दाबलं.

"मॅडम, हा कोमल धैवत चढला आहे जरासा."

"स्पीकर साधा आहे हो," मी म्हटलं.

"बाकीचे स्वर याच स्पीकरातून येऊन राह्यले न? थे बरोबर आहेत."

ते गेल्यावर मी प्रोग्राममधला तक्ता काढला. प्रत्येक स्वराची कंपनसंख्या तिथे आकड्यांत लिहिलेली होती. कोमल धैवताच्या आकड्यात माझी चूक होती. वर्षभर कितीतरी संगीतशिक्षकांनी तो प्रोग्राम वापरला होता, माझ्या बाईंनीसुद्धा, आणि कोणाच्या कानाला ते खटकलं नव्हतं.

गुरुजींनी जुनी मशीन मिळवली आणि पुढची सहा वर्षं ते स्वतः लिहीत राहिले. त्याआधी ते तोंडानं सांगायचे आणि सुमनबाई वहीत उतरवायच्या. सुमनबाई सातवीपर्यंत शिकलेल्या, गाण्याचा गंध नाही, त्यामुळे चुका व्हायच्या आणि त्या चुका गुरुजींना कधी कळायच्याच नाहीत. आता बाणाचं बटण दाबत ते आपलं लिहिलेलं ऐकायचे आणि दुरुस्त करायचे. शाळेच्या मुलांच्या वह्या तर झाल्याच, शिवाय त्यांनी स्वतः बांधलेल्या चाली, ज्या तोवर फक्त त्यांच्या डोक्यात होत्या, त्या कागदावर यायला लागल्या. मला अधूनमधून फोन यायचा. "मॅडम, झपतालात एक मात्रा खाऊन राह्यली तुमची पाटी." मी तपासायची आणि बहुतेक वेळा त्यांचंच खरं असायचं.

दोन हजार सालानंतर मात्र ‘स्वरपाटी’ म्हातारी दिसायला लागली. घरोघरी विंडोजच्या मशीन आल्या होत्या. एका कॉलेजात मी प्रोग्राम दाखवायला गेले तर संगीताच्या तरुण प्राध्यापिका म्हणाल्या, "मॅडम, हे बँकेतल्या स्क्रीनसारखं दिसतं. मुलं हात नाही लावणार." दुसऱ्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी पाच मिनिटं तो पींपीं आवाज ऐकला आणि कानावर हात ठेवले. "ही टिटवी आधी बंद करा," म्हणाले.

मला राग आला, पण त्या प्राध्यापिका खोटं बोलत नव्हत्या आणि मुख्याध्यापकही नाहीत. नवीन कोणी घेत नव्हतं. चाळिशीला टेकलेली मी पुन्हा विद्यार्थी झाले, विंडोजसाठी प्रोग्राम कसा लिहायचा ते पुस्तकातून शिकले आणि सगळं नव्यानं केलं. रंगीत बटणं, पडद्यावर पेटीचं चित्र, माऊसनं पट्टीवर टिचकी मारली की वहीत स्वर उमटायचा. अक्षरं सुबक. टिटवी बंद. ‘वाजवा’ या बटणावर टिचकी मारली तर अख्खी बंदिश सतारीच्या आवाजात वाजायची. खरं सांगते, मला त्याचा फार अभिमान वाटला. त्या कॉलेजनं घेतला, त्या मुख्याध्यापकांनी घेतला. जुन्या सगळ्या गिऱ्हाइकांना मी नव्या सीडी पोस्टानं पाठवल्या, सोबत पत्र जोडलं की जुना प्रोग्राम आता काढून टाकावा.

त्या यादीत थूल गुरुजींचं नाव होतं. पाकिटावर पत्ता मी माझ्या हातानं लिहिला होता. तरीही लिहिताना माझ्या मनात काहीच आलं नाही. 

पाच-सहा महिन्यांनी समुद्रपूरच्या, गुरुजींच्याच शाळेनं नवा प्रोग्राम शिक्षकांना दाखवायला बोलावलं. कापसाचे दिवस होते. बस जाम गावावरून रखडत पोचली. कार्यक्रम छान झाला. मग मी गुरुजींना भेटायला संगीताच्या खोलीत गेले. गुरुजी सतरंजीवर बसले होते, मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होते. शेजारी सुमनबाई पट्टीनं वहीत चौकटी आखत होत्या.

"हे काय, वहीत?" मी विचारलं. "मशीन बिघडली का?"

सुमनबाईंनी गुरुजींकडे पाहिलं. ते मात्रा मोजतच राहिले, तेव्हा त्याच म्हणाल्या, "मशीन चांगली आहे, मॅडम. तुमचं नवीन आलं न, थे शाळेच्या माणसानं मशीनीत टाकून देल्लं, जुनं काढून. थे बोलत नाई."

"मग फोन का नाही केला?"

"मी म्हटलं करा. हे म्हणे, राहू दे, मॅडमले तरास काऊन देतं. त्याईनं मेहनतीनं केलं असन."

मला तिथे बसवेना. निरोप घेऊन निघाले आणि बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले.

पुढच्याच रविवारी मी जुन्या ‘स्वरपाटी’ची फ्लॉपी घेऊन समुद्रपूरला त्यांच्या घरी गेले. शाळेच्या मागे दोन खोल्यांचं घर. मी म्हटलं, "गुरुजी, चूक माझी आहे. जुना प्रोग्राम आणलाय. आता मशीनमध्ये टाकून देते. फक्त तुमच्यासाठी तो मी चालू ठेवीन. कधी अडला तर मी येईन."

मला वाटलं होतं ते खूश होतील.

"मले जुनं नाई पाह्यजे," ते म्हणाले.

"अहो, पण त्यात आवाज आहे."

"आहे. पण त्याच्यातलं लिहिलेलं नवीनात उघडते का?"

"नाही उघडत."

"मंग? शाळा नवीन वापरन, परीक्षेचे सर नवीन वापरतीन, दुसऱ्या शाळेतले मास्तर नवीन वापरतीन. मी लिहिलेलं कोणाच्या मशीनवर दिसन? मी एकटाच लिहू, एकटाच ऐकू. थे तं मी कॉम्प्युटर येण्याच्या पयलेबी करत होतो."

सुमनबाई चहा घेऊन दारातच थांबल्या. गुरुजींचा आवाज चढला होता. एवढ्या वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता.

"तुमाले वाटते मी म्हातारा, मले नवीन जमणार नाई. नवीन खराब आहे असं मी म्हणून राह्यलो का? पोरं खूश आहेत. चांगलंच असन थे. मले त्याच्यात आत येऊ द्या. एवढंच म्हणतो."

मी फ्लॉपी पर्समध्ये टाकली. दया घेऊन आले होते, ती त्यांनी बरोबर ओळखली आणि परत केली. चहा प्यायलो आणि त्याच दुपारी कामाला बसलो.

पुढचे दहा-बारा रविवार मी समुद्रपूरला जात होते. एवढं अवघड असेल याची कल्पना नव्हती. मी माऊससाठी जे जे केलं होतं, त्या प्रत्येकाला कीबोर्डवर बटण द्यायचं होतं. ते झालं. आवाज परत आणला, तर विंडोजमध्ये तो क्षणभर उशिरा यायचा. गुरुजींची बोटं भरभर चालायची आणि स्वर मागून रांगेनं येत राहायचे. "मी पंचमावर, मशीन अजून गंधारावर," ते हसायचे. पुढचं बटण दाबलं की मागचा आवाज तिथेच तोडायचा, ही युक्ती सापडायला तीन रविवार गेले.

एक रविवार फार वाईट गेला. आठवडाभर बसून गुरुजींनी स्वतःची एक मोठी चाल लिहिली होती, मला दाखवायला उघडीच ठेवली होती. मी पोचले तेव्हा प्रोग्राम बंद करायचं बटण चुकून त्यांच्या हातून दाबलं गेलं. पडद्यावर चौकट आली, ‘बदल साठवायचे का?’ चौकट मुकी होती. गुरुजींना वाटलं मशीन अडकली, म्हणून त्यांनी दोन-तीन बटणं दाबली. त्यातलं एक ‘नाही’ होतं. मी दारात चपला काढत होते. दिसलं तेव्हा उशीर झाला होता.

"गेलं?" त्यांनी विचारलं.

"गेलं."

त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "मुखड्यापासून पुन्हा म्हणतो. लिहा." मीच बसून लिहिलं. म्हणून झाल्यावर त्यांनी मान हलवली. "झालं. पण पयलं चांगलं होतं." ती चाल मी नंतर कितीदा ऐकली, चांगलीच आहे. पण पहिली कशी होती ते कोणालाच माहीत नाही.

त्या दिवशी ठरवलं की चौकटींनी बोलायचं. आधी मीच वाक्यं रेकॉर्ड केली. माझा आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा यायला लागला, तेव्हा गुरुजीच म्हणाले, "सुमनचा घ्या. मले तिचं ऐकाची सवय आहे." सुमनबाई आधी लाजल्या, मग माईकसमोर मांडी घालून बसल्या. मी वाक्य सांगायची आणि त्या आपल्या भाषेत म्हणायच्या. ‘लिहिलेलं ठेवून देऊ का? ठेवाचं असन तं एंटर दाबजा.’ ‘असं नाई होत. पुन्हा पाहा.’ ‘हा कोमल रे आहे.’

या शेवटच्या वाक्याला त्या थांबल्या. "मॅडम, कोमल म्हणजे काय होते?"

मी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं.

"तुम्ही तर वर्षानुवर्षं लिहीत होतात," मी म्हटलं.

"हे म्हणत रेघ मार, मी मारत होती."

मी शुद्ध रे वाजवला, मग कोमल रे. पुन्हा शुद्ध, पुन्हा कोमल. सुमनबाईंचे डोळे मोठे झाले. "अरे बाप्पा! हे तं वेगळंच आहे!" आणि मग हळू आवाजात, "एवढी वर्षं मी हे लिहून राह्यली होती?"

गुरुजींनी स्वतः एकदा कोमल रेचं बटण दाबलं. मग म्हणाले, "जिल्ह्यातल्या पोराईले शिकवत फिरलो. घरात कधी सांगतलंच नाई." त्या रविवारी पुढचं काम झालं नाही. सुमनबाई स्वतःच बटणं दाबत बसल्या आणि गुरुजी एकेका स्वराचं नाव सांगत राहिले.

ही बोलकी ‘स्वरपाटी’ मी सगळ्यांना पाठवली. नागपूरचा एक विक्रेता होता, त्याचा लगेच फोन आला. "मॅडम, सॉफ्टवेअर एक नंबर. पण हा आवाज बदला. पुण्याकडची पार्टी हसते." मी आवाज बंद करायची सोय दिली, आवाज बदलला नाही. याबाबतीत मी हट्टी होते आणि त्यामुळे काही गिऱ्हाइकं गेलीही असतील. आर्वीच्या एका शिक्षकांनी मात्र कळवलं की मुलं मुद्दाम चुका करतात, सुमनबाईंचं ‘असं नाई होत’ ऐकायला. सगळ्यात जास्त फोन मला कोणाचे आले असतील तर साठीच्या पुढच्या मंडळींचे. डोळे अधू झालेले पेटीवादक, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या भजन मंडळातल्या बायका. आंजीच्या एक बाई म्हणाल्या, "माऊस हातातून पळते माह्या. ह्या बाईचं ऐकून जमते." नव्या पिढीसाठी म्हणून मी प्रोग्राम नवा केला होता. नवीन गिऱ्हाईक आलं, पण ते असं आलं.

वर्षभरानं एका सकाळी सुमनबाई एकट्याच वर्ध्याला आल्या. त्यांना एकटं मी पहिल्यांदाच बघत होते. म्हणाल्या, "मॅडम, एक सीडी द्या. माह्या नावानं."

"घरी आहे की."

"थे त्याईची आहे. त्याईच्या फायलीत माह्या फायली मिसळतात. अन् थे मंग माह्या चुका काढत बसतात."

मी पाकिटावर त्यांचं नाव घातलं, सौ. सुमन थूल. त्यांनी ते दोनदा वाचलं. पुढच्या वर्षी त्या पहिल्या परीक्षेला बसल्या, शाळेतल्या पोरींच्या रांगेत, आणि पास झाल्या.

‘स्वरपाटी’ फार वर्षं चालली नाही. दोन हजार नऊच्या सुमारास आलेल्या मशीनवर ती उघडेना. पुन्हा पहिल्यापासून सगळं लिहायला हवं होतं. बाजारात तोवर परदेशी सॉफ्टवेअर आली होती, फुकट मिळत होती, आणि माझी पाठ दुखत होती. मी केलं नाही. करायला हवं होतं का? कधी वाटतं हो. गुरुजींनी मला जे ऐकवलं होतं ते मी दुसऱ्यांदा मनावर घेतलं नाही, ही बोच आहे. सगळ्यांना पत्रं लिहिली. या वेळी समुद्रपूरला पत्र न पाठवता स्वतः गेले.

गुरुजी निवृत्त झाले होते. मशीन शेवटचे श्वास घेत होती. दोन दिवस मी त्यांच्याकडे राहिले आणि त्यांच्या सगळ्या चाली छापून काढल्या. तीन जाड फायली झाल्या. त्या मी गुरुजींच्या मांडीवर ठेवल्या आणि म्हटलं, "माफ करा गुरुजी. आता हे नुसते कागद आहेत. ते वाजणार नाहीत."

त्यांनी फायलींवरून हात फिरवला. "कागद मले वाचता येत नाई. हिले येते."

सुमनबाईंनी चष्मा लावला, वरची फाईल उघडली आणि पहिल्या पानावरचे स्वर म्हणायला लागल्या. आवाज बारीक, पण सुरात. गुरुजी गुडघ्यावर ताल देत होते. चौथ्या ओळीला त्या अडखळल्या. दोन स्वरांखाली कंस होता. एकाच मात्रेत दोन्ही स्वर म्हणायचे, असा त्याचा अर्थ. मी सांगायला पुढे वाकले.

"सांगू नका, मॅडम," गुरुजी म्हणाले. "पाहू द्या तिले."

सुमनबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला, ओठांत पुटपुटून पाहिलं आणि दोन्ही स्वर एका मात्रेत बसवून पुढे गेल्या. माझी चारची बस होती, ती तेवढ्यात गेली. त्यांनी पान उलटलं.